शंभरातून सात

डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत या.
त्र्याण्णव, म्हटलं मी. शहाऐंशी.
पुढचा आकडा होता तिथेच,
मला त्याची पाठ दिसत होती.
तो वळेना.

एकोणीस वर्षं मी अजमानच्या टायपिंग सेंटरात बसते.
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
मधे माणसाचं नाव.
पासपोर्टचे नंबर मला चेहऱ्यांसारखे आठवायचे,
एकदा पाहिला की पाहिला.
शेठ म्हणायचा, मुनीरा, तुझ्या डोक्यात कपाट आहे.

मग तो ताप. सहाच दिवस.
लाकडी पार्टिशनच्या अलीकडे मी,
पलीकडे मारिसेल,
दाराशी पेज ठेवून दोनदा टकटक करायची
आणि पळायची.
सातव्या दिवशी सगळे म्हणाले, सुटलीस.

कपाट जागेवर होतं.
खण कुणीतरी अदलाबदल केले होते.

तव्यापाशी उभी राहून मी तिला म्हणाले,
ते दे गं, ते, भाकरी… ते उलटायचं.
मारिसेलला मराठीचं अक्षर येत नाही.
तिनं उलथनं उचलून हातात दिलं.
मी त्याच्याकडे बघत राहिले,
भाकरी करपली, आणि करपल्याचा वास
मला आलाच नाही.
पुढे वास आले, तेही भलतेच:
वेलचीच्या चहाला जळक्या वायरीचा,
साबणाला ओल्या कुत्र्याचा.
रात्री तळपायांना मुंग्या यायच्या.
चिमटे काढून बघायचे. पाय माझेच होते.

जुलैत मुलतानचा गवंडी गुलाम यासीन फॉर्म घेऊन परत आला.
जन्म अठ्ठ्याहत्तरचा,
मी सत्त्याऐंशी मारलं होतं.
आता हा ओरडणार, मी मान खाली घातली.
तो म्हणाला, बाजी, नऊ वर्षं दिलीत,
आता गुडघ्यांनाही सांगा.
दुरुस्तीचे दिरहम मी भरले.
मग बाथरूममध्ये नळ सोडून
बराच वेळ उभी राहिले.

डॉक्टर कोशी केरळचे, बोलतात हळू.
फोटोत काही नाही, म्हणाले. मेंदू साफ.
साफ म्हणजे काय, मी विचारलं,
घर पण साफ असतं, सामान नेल्यावर.
ते हसले, मग हसायचे थांबले.
म्हणाले, नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही.
बहुधा तो आत शिरलाही नसेल.
दारात दंगा केला असेल,
आणि आतले रखवालदार इतके बिथरले
की चोर गेल्यावरही
अंधारात आपल्याच भांड्यांवर काठ्या मारतायत.
थकतील, म्हणाले. वेळ द्या.
किती वेळ, ते त्यांनी कागदावर लिहिलं नाही.

जाताना तीन शब्द दिले होते लक्षात ठेवायला.
खजूर. पूल.
तिसरा अजून कुठेतरी खुर्चीत बसलाय,
टोकन हातात धरून.

अम्मीला फोनवर यातलं काही सांगत नाही.
ती म्हणते, तू मधेच गप्प का होतेस?
मी म्हणते, नेटवर्क.

काल संध्याकाळी मासळीबाजारात गेले, उगीच.
बर्फ, पाण्याचे पाट, सुरमयांची रांग,
माझं नाक आता मेलेलंच, म्हणून बिनधास्त
अगदी गाड्यापर्यंत.
आणि आला.
एका श्वासापुरता, खरा,
खारट, लोखंडी, हर्णैच्या पुळणीवर
होड्या लागतात तेव्हाचा.
मी ओढणी धरून जागच्या जागी उभी,
दुसरा श्वास घ्यायची भीती वाटून.

मासेवाल्यानं विचारलं, किती किलो?

एकोणऐंशी, मी म्हणाले.

त्याला कळलं नाही.
त्यानं तराजू पुसला
आणि वाट पाहत राहिला.